‘एक्स-२’ आणि ‘एज ऑफ अल्ट्रॉन’: कोणता दुसरा भाग जास्त जमलाय?

सुपरहिरोंच्या संघाचा दुसरा भाग बहुतेकदा गर्दीत अडकतो. जुनी पात्रं सांभाळायची, नवी आणायची, शिवाय पुढच्या चित्रपटाचीही सोय लावायची. ‘एक्स-मेन’ मालिकेतल्या ‘एक्स-२’ने (२००३) हे गणित ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’पेक्षा जास्त नीट सोडवलंय.

व्हाइट हाउसवरच्या हल्ल्यात क्षणात जागा बदलणाऱ्या नाइटक्रॉलरची ओळख, त्याची शक्ती आणि पुढच्या संघर्षाचं निमित्त, तिन्ही एकाच प्रसंगात मिळतात. धातूवर ताबा असलेल्या मॅग्नेटोची सुटका तर त्याहून सरस. प्लॅस्टिकच्या तुरुंगात धातू नाही, म्हणून त्याची साथीदार मिस्टीक पहारेकऱ्याच्या रक्तातच लोह टोचते. शक्तीला आधी बांध घालायचा आणि मग त्यातूनच वाट काढायची, ही पटकथेची खरी हुशारी. फटका बसतो तो एक्स-मेन संघातल्या सायक्लॉप्सला: लवकर पकडला जातो आणि थेट शेवटाकडे परततो. त्यामुळे प्रेयसी जीनच्या बलिदानानंतरचं त्याचं दुःख हवं तितकं भिडत नाही.

‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये (२०१५) पार्टीतला थॉरचा, फक्त लायक असणाऱ्यालाच उचलता येणारा हातोडा उचलण्याचा खेळ निव्वळ गंमत वाटतो. पुढे नव्याने घडवलेला कृत्रिम माणूस व्हिजन तोच हातोडा सहज थॉरच्या हाती देतो आणि त्याच्यावर विश्वास का ठेवायचा, हे स्पष्टीकरणाविना कळतं. पहिल्या भागात बाजूला पडलेल्या तिरंदाज हॉकआयलाही इथे घर, कुटुंब आणि वजन मिळतं. मात्र थॉरची गुहेतली फेरी मुख्यतः पुढच्या चित्रपटांसाठीच आहे, आणि खलनायक यंत्रमानव अल्ट्रॉन जन्मल्या जन्मल्याच माणसांवर उलटतो. अतिवेगवान क्विकसिल्व्हर जवळचा वाटू लागेपर्यंत मरतोसुद्धा. शेवटच्या लढाईत नागरिकांना बाहेर काढण्याला दिलेला वेळ मात्र ‘एक्स-२’कडेही नाही.