कॅसिओ एफएक्स-९९१ईएक्स: ‘फॅक्ट’ आणि ४२९४९६७२९७

दादर, फोर्ट, अब्दुल रहमान स्ट्रीट, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात हा कॅल्क्युलेटर इंजिनीअरिंगच्या मुलांसाठी म्हणून पुढे केला जातो. मॅट्रिक्स, इंटिग्रेशन दाखवतात. संख्यांची आवड असणाऱ्याला हवं ते ‘फॅक्ट’ सहसा कोणी दाखवत नाही. अंश-मिनिटांच्या बटणावर, शिफ्ट दाबून ते मिळतं. दहा अंकांपर्यंतच्या संख्येचे मूळ अवयव ते झटक्यात पाडतं. उत्तरात कधीकधी कंस येतो, त्याचा अर्थ मात्र माहीत हवा.

परीक्षा ४२९४९६७२९७ वर घ्यावी, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. घातांकात २ चाच घात असलेल्या अशा सगळ्या संख्या मूळ असाव्यात असं गणिती फर्माचं १६४० मधलं मत होतं. १७३२ मध्ये ऑयलरने हिला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं. २, घाताचं बटण, ३२, मग उजवा बाण आणि त्यानंतरच +१. बाण राहिला तर १ घातांकात जाऊन बसतो आणि ८५८९९३४५९२ येतं. संख्या बरोबर आली की शिफ्ट, फॅक्ट. पडद्यावर दिसतं: ६४१×(६७००४१७).

कंस दिसला की कोणी ती संख्या मूळ समजतं, कोणी संयुक्त. दोन्ही घाईचं आहे. तीन अंकी मूळ संख्यांपर्यंतचे, म्हणजे ९९७ पर्यंतचे अवयव बाहेर निघालेले असतात. पुढची मूळ संख्या १००९, तिचा वर्ग १०१८०८१. उरलेली संख्या याहून लहान असेल तर ती मूळच, म्हणून कंस नाही. तेवढी किंवा मोठी असेल तर निकाल न देता ती कंसात ठेवली जाते. त्यामुळे ९८७६५४३२१० चं उत्तर पूर्ण येतं: २×३²×५×१७²×३७९७२१. तेच दहा अंक चढत्या क्रमाने घेऊन १२३४५६७८९० टाका, तर २×३²×५×(१३७१७४२१), आणि हा कंस ३६०७×३८०३ निघतो. उलट २१४७४८३६४७ मूळ असूनही सबंध कंसात.

आपला कंस सोडवायला फार कष्ट नाहीत. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८.५ च्या आसपास, तेव्हा १००९ ते २५८८ एवढंच तपासायचं. शिवाय गणिती ल्युकाच्या नियमाने या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १२८ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो (६४१ = ५×१२८+१). त्या टप्प्यात अशा मूळ संख्या दोनच: ११५३ आणि १४०९. भागाकार ५८११.२८… आणि ४७५५.४४…. म्हणजे ६७००४१७ मूळ. दोन भागाकारांत काम झालं, आणि हे फार सुंदर आहे.

अकराव्या अंकापाशी अडचण येते. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९, पण दिसतं २.०४०८१२२४५×१०¹⁰. शेवटचे अंक आत शाबूत असतात, लगेच २.०४×१०¹⁰ वजा करा, ८१२२४४९ मिळेल. मग वर्गाचे दोन तुकडे करून २०४०८+१२२४४९ = १४२८५७ हे देवळालीचे गणिती कापरेकर यांचं नातं पडताळता येतं.

नव्या ९९१सीडब्ल्यूमध्ये अवयवांसाठी फॉरमॅटच्या यादीत शिरून पर्याय निवडावा लागतो. एकामागून एक संख्या फोडायच्या असतील तर ते कंटाळवाणं होतं. दुकानात दोन्ही असतील तर ईएक्स घ्यावा.