‘ट्यूनिंग’साठी दिलेले ४८,००० रुपये

वडोदऱ्यातील दांडिया बाजारात आमचे कर सल्ल्याचे लहान कार्यालय आहे. व्यापाऱ्यांचे हिशेब ॲमेझॉनच्या मुंबईतील क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या टी-२ मीडियम सर्व्हरवर असतात. जीएसटीआर-३बी हे मासिक जीएसटी विवरणपत्र भरण्याची २० तारीख जवळ आली, की तो इतका मंदावे की एक बिल उघडायला मिनिट लागे.

ओळखीतून मिळालेला एक तंत्रज्ञ दर वेळी ‘डेटाबेस ट्यून करतो’ म्हणून ४,००० रुपये घेई. काम खरोखरच वेगाने सुरू होई, पण तासाभरात पुन्हा तीच गत. पाच महिन्यांत असे बारा वेळा घडले.

महाराजा सयाजीराव विद्यापीठात संगणकशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीने खाते तपासले, तेव्हा उलगडा झाला. टी-२ सर्व्हरला प्रोसेसर वापरण्यासाठी क्रेडिट मिळतात. एक क्रेडिट म्हणजे एका प्रोसेसरचे पूर्ण क्षमतेचे एक मिनिट. आमच्या दोन प्रोसेसरच्या सर्व्हरला तासाला २४ क्रेडिट मिळतात, तर पूर्ण ताणाखाली १२० खर्च होतात. शिल्लक संपली, की प्रत्येक प्रोसेसर २० टक्क्यांवर रोखला जातो. मात्र सर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला, तर सुरुवातीचे ६० क्रेडिट नव्याने मिळतात आणि ते जेमतेम ३७ मिनिटे पुरतात. तंत्रज्ञ एवढेच करत होता. खात्यातून कोणी काय केले याची नोंद ठेवणाऱ्या ॲमेझॉनच्या क्लाउडट्रेलमध्ये ९० दिवसांच्याच नोंदी दिसतात, त्यामुळे पुरावा शेवटच्या सात वेळांचाच मिळाला. पण त्या सातही वेळी ‘बंद’ आणि ‘चालू’ याखेरीज काहीही नव्हते, आणि सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदींतही कोणी आत लॉगिन केल्याचे दिसत नव्हते. मला सर्वांत जास्त चीड याची आली, की त्या प्रत्येक ‘बंद’च्या वेळी आमच्या मुलांनी भरत आणलेल्या, पण जतन न झालेल्या नोंदी नाहीशा होत होत्या, आणि आम्ही त्यांनाच बोल लावत होतो.

आपला सर्व्हर टी मालिकेतला असेल, तर कोणालाही पैसे देण्यापूर्वी क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्या देखरेख सेवेत क्रेडिट शिलकीचा आलेख पाहावा. सर्व्हर मंदावताना तो शून्याला टेकलेला असेल आणि लिनक्सवर ‘टॉप’ आज्ञेत ‘एसटी’चा, म्हणजे हवा असूनही न मिळालेल्या प्रोसेसर-वेळेचा, आकडा मोठा दिसत असेल, तर डेटाबेसकडे वळण्याआधी हेच कारण तपासावे. आम्ही क्रेडिट संपले तरी वेग न रोखणारा ‘अनलिमिटेड’ हा पर्याय चालू केला. जादा वापराला प्रत्येक प्रोसेसरमागे तासाला ५ सेंट पडतात, आणि महिन्यातले तीन-चार दिवसच त्याची गरज भासते.

तंत्रज्ञाला नोंदी दाखवल्या, तेव्हा तो म्हणाला, “काका, सर्व्हर चालू करून दिला होता ना?” त्याचे लॉगिन त्याच संध्याकाळी बंद केले. पैसे परत मागणाऱ्या पत्राला अद्याप उत्तर नाही.