सेकंडहँड स्टीलची स्कूबा टाकी: वर्षभराचा अनुभव (आधी बूट काढायला लावा)

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या सिलिंडर टेस्टिंगवाल्याने गेल्या आठवड्यात माझ्या दोन स्कूबा टाक्यांपैकी (पाण्याखाली श्वास घ्यायला पाठीवर घ्यायच्या हवेच्या टाक्या) एक बाद केली. बाद झाली ती चकचकीत पिवळी, नवाकोरा काळा बूट (टाकी उभी राहावी म्हणून तळाला चढवायची प्लॅस्टिकची टोपी) घातलेली. जिचा रंग पोपडे धरून निघाला होता आणि जिला घ्यायलाच घरच्यांचा विरोध होता, ती पास झाली. दोन्ही 12 लिटर मापाच्या, 232 बार (दाबाचं एकक) दाबाच्या, एकाच कंपनीच्या आणि एकाच विक्रेत्याकडून घेतलेल्या. किनाऱ्यावरचा डायव्हिंगचा धंदा आवरणाऱ्या माणसाकडून त्याने त्या उचलल्या होत्या, आणि मला नव्या टाकीच्या निम्म्याहून कमी भावात मिळाल्या.

पिवळीचा घात बुटाखाली झाला होता. प्लॅस्टिकचा बूट खारं पाणी धरून ठेवतो. वरून नळाखाली कितीही धुवा, आतलं मीठ निघत नाही. बूट ओढून काढला तर तळाच्या गोलाईवर खड्ड्यांचं अख्खं कडं. नुसता तांबूस थर ब्रशने निघतो, त्याची भीती नाही. नख अडकेल असा खड्डा मात्र भिंतीची जाडी खातो, आणि तिथे कितीही रंग फासला तरी पोलाद परत येत नाही. घेताना मी म्हटलं होतं, ‘भाई, बूट काढून दाखवा.’ उत्तर आलं, ‘काका, नवी ज छे, शुं काम काढो छो?’ (नवीच आहे, कशाला काढता?) माझं स्पष्ट मत आहे की जो विक्रेता बूट काढत नाही, त्याच्याशी पुढे बोलूच नये. मी टेस्टची अट मोबाइलवर लिहून घेतली होती म्हणून निम्मे पैसे तरी परत मिळाले. उरलेले निम्मे मागतोच आहे.

वर्षभरापूर्वी मला विचारलं असतं तर मी टाकीच्या खांद्यावर (मानेखालच्या गोलाईवर) ठोकलेले शिक्के सर्वांत महत्त्वाचे म्हटलं असतं. ते वाचायलाच हवेत: सिरीयल नंबर, पाण्याची क्षमता, रिकामं वजन, कामाचा दाब, टेस्टचा दाब (232 बारच्या टाकीला 348), शेवटच्या टेस्टची तारीख. पण पिवळीवर घेताना तारीख चालू होती! टेस्टच्या दिवशी टाकी कशी होती, एवढंच तारखेवरून कळतं. नंतर तिला खाऱ्या पाण्यात कसं वागवलं ते तारीख सांगत नाही. म्हणून आता मी वजनाला जास्त मान देतो. भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवा आणि शिक्क्यातल्या आकड्याशी ताडा. ते वजन व्हॉल्व्हसकट आहे की व्हॉल्व्हविना, हे आधी बघा. आपल्या नियमात रिकाम्या वजनाची 5 टक्क्यांहून जास्त घट झालेला सिलिंडर बाद करून नष्ट करायचा असतो. 14 किलोच्या टाकीत ते 700 ग्रॅम होतात.

आत बघायचं तर आधी हवा पूर्ण सोडून मगच व्हॉल्व्ह मानेतून काढायचा, तोही शक्यतो टेस्टिंगवाल्याच्या हातून. वायरवरचा बारीक दिवा आत सोडला की भिंत दिसते. टाकी हळू उलटी केली आणि आत पाणी किंवा भुगा सरकल्याचा आवाज आला तर तिथेच सौदा सोडा. ओल राहिलेल्या टाकीत गंज हवेतला ऑक्सिजन खातो. जुनी, भरून ठेवलेली टाकी घेतलीत तर तिच्यातली हवा श्वासात घेऊ नका, जीव जाईल. सोडून द्या, आतून तपासा, मगच नव्याने भरा.

व्हॉल्व्हच्या आट्यांचंही बघा. M25×2 (मिलिमीटरच्या मापाच्या आट्यांचा) व्हॉल्व्ह पाऊण इंची आट्यांच्या मानेत काही आटे बसतो, हाताला घट्टही लागतो, आणि दाब चढला की उडतो. गुजरातेतल्या अलंगला, जिथे जुनी जहाजं तोडतात, तिथल्या जहाजाच्या सामानाच्या दुकानांत स्वस्त दिसणारे छोटे सिलिंडर बहुतेक आग विझवणाऱ्यांच्या श्वसनसंचाचे असतात. ते मी उचलले नाहीत. शिवाय नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता नसलेल्या परदेशी सिलिंडरला नीट काम करणारा कुठलाही हवा भरणारा हात लावत नाही. माझ्याशी एकाने त्यावरून चांगलाच वाद घातला, आणि त्याचंच बरोबर होतं.

एवढं होऊनही पोपडे धरलेली माझी टाकी मला आवडते. तारकर्लीला गेलो तेव्हा पाण्यात खाली राहायला कमरेला बांधायचं शिसं कमी करता आलं. ॲल्युमिनियमची टाकी हवा संपत आली की वर तरंगू पाहते, स्टीलची शेवटपर्यंत जड राहते. उतरत्या वयाच्या पाठीला हा फरक समजतो. 200 बार भरली तरी 2400 लिटर हवा. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा) थर शाबूत असेल तर बाहेरच्या ओरखड्यांना घाबरू नका.

मी तिला पुन्हा बूट घातलाच नाही. तळाला खाच असलेल्या लाकडी चौकटीत उभी ठेवतो, थोडा दाब आत ठेवून, आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतो. दुसरी टाकी शोधतो आहे. कोणाकडे असेल तर फोटो पाठवा, पण तळाचा, बुटाशिवाय.