प्राचीन लढायांचा खेळ: मालवणच्या हवेत जवळपास वर्षभर खेळल्यानंतर

टेबलावर चिमुकले सैनिक मांडून फाशांच्या जोरावर जुन्या लढाया खेळायच्या, हा गेल्या दिवाळीत सुरू केलेला छंद मे महिन्याची काहिली, चार महिन्यांचा पाऊस आणि गणपती पार करून अजून टिकला आहे, म्हणून आता अनुभव लिहायला हरकत नाही. आधी निकाल सांगते. इतिहासातल्या लढाया वाचायची ज्यांना आवड आहे, पण 'उजवी बगल मोडली आणि सैन्य उधळलं' असं वाक्य वाचून डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही, त्यांनी हा खेळ जरूर घ्यावा. नुसते सैनिक रंगवून कपाटात मांडायचे असतील तर तेही छानच, फक्त मग नियमांच्या पुस्तकावर पैसे घालू नका. आणि कोकणात राहत असाल तर खरेदीच्या आधी इथल्या हवेचा विचार करा. त्याबद्दल खाली जरा लांबण लावली आहे, कारण सुरुवात करताना मला हीच माहिती कुठे मिळाली नव्हती.

मी खेळते ती नियमावली म्हणजे 'डी बेलिस अँटिक्विटाटिस', सगळे तिला डीबीए म्हणतात. इंग्लंडच्या फिल बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९९० साली पहिल्यांदा काढलेले हे नियम, आता तिसरी आवृत्ती चालू आहे. इसवी सनापूर्वी ३००० ते इसवी सन १५०० एवढा काळ त्यात येतो. प्रत्येक बाजूला फक्त १२ तुकड्या. तुकडी म्हणजे एका छोट्या पट्टीवर चिकटवलेले दोन ते चार सैनिक, किंवा तीन घोडेस्वार, किंवा एक हत्ती. चार तुकड्या गमावल्या आणि समोरच्यापेक्षा जास्त गमावल्या, की हरलात. १५ मिलिमीटरचे सैनिक असतील तर ४० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या आणि दोन फूट बाय दोन फूट जागा पुरते. एक डाव साधारण तासाभरात आटोपतो. यापेक्षा मोठे, शेकडो सैनिकांचे खेळही आहेत, पण नवख्या माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. दोन्ही बाजूंचं सैन्य स्वतःच रंगवून एका पावसाळ्यात खेळता येईल असा हाच आकार.

आता या खेळाचा जीव कशात आहे ते सांगते. आपली पाळी आली की एक फासा टाकायचा. जेवढे आकडे पडतील तेवढे हुकूम. एका हुकमात एक तुकडी हलते, किंवा एकमेकींना खेटून सरळ रांगेत असलेल्या तुकड्यांचा अख्खा जथा हलतो. म्हणजे फळी शाबूत असेल तर एक पडला तरी सगळं सैन्य पुढे सरकतं. फळी विस्कटली, कुणी टेकडीवर, कुणी झाडीत, कुणी पाठलागावर गेलं, की सहा पडले तरी पुरत नाहीत. सेनापतीपासून लांब गेलेल्या तुकडीला हुकूम पोचवायला एक जास्त मोजावा लागतो, हत्ती हलवायलाही तसंच. एवढ्याशा नियमात सेनापतीची सगळी अडचण आली आहे. पुस्तकात आपण वाचतो की अमक्याने राखीव फौज वेळेवर आणली नाही, आणि मनात म्हणतो, का नाही आणली? इथे फाशावर दोन पडतात, डावी बगल कोसळत असते, मध्यभागी भगदाड पडलेलं असतं आणि राखीव घोडेस्वार मागे उभेच राहतात. का नाही आणली ते कळतं.

लढाईचा हिशेबही असाच थोडक्यात बरंच सांगणारा. दोन्ही तुकड्यांचं बळ ठरलेलं, त्यात फाशाचा आकडा मिळवायचा. ज्याची बेरीज कमी तो मागे हटतो. समोरच्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी झाली तर तुकडी मेली. ग्रीक हॉप्लाइट भालाइतांचं पायदळाविरुद्धचं बळ ४. समजा, माझ्या एकट्या पडलेल्या भालाइतांना १ पडला आणि समोरच्या तशाच भालाइतांना ६. माझे ५, त्यांचे १०. बरोबर निम्मे, तुकडी उचलून बाजूला. पण तीच तुकडी शेजारच्या भालाइतांना खेटून उभी असेल तर शेजाराचा १ वाढतो. मग ६ विरुद्ध १०, आणि तुकडी फक्त एक पाऊल मागे हटते. ढालीला ढाल लावून लढणाऱ्या माणसांसाठी शेजारी उभा असलेला माणूस काय होता, ते या एका आकड्याने मला जेवढं समजलं तेवढं कुठल्या वर्णनाने समजलं नव्हतं.

नियमांच्या पुस्तकाची भाषा मात्र फार घट्ट आहे. एका वाक्यात चार अटी, स्वल्पविरामावर सगळा अर्थ अवलंबून. तिसऱ्या आवृत्तीत आकृत्या आहेत म्हणून निभावतं. दोन तुकड्यांच्या कडा किती जुळल्या, कोपरा टेकला की नाही, यावरून वादही होतात. सुरुवातीला दोघांनी मिळून एक गोष्ट ठरवून टाकावी: शंका आली की फासा टाकायचा आणि पुढे जायचं. बाण संपणं, माणसं थकणं हे तपशील या नियमांत नाहीत. ज्यांना ते हवेत त्यांना हा खेळ उथळ वाटेल. मला वाटला नाही.

सैनिक कुठले घ्यावेत? धातूचे १५ मिलिमीटरचे सर्वांत सुबक, पण बाहेरून मागवले की टपालखर्च आणि कस्टम धरून किंमत जवळपास दुप्पट होते. माझं एक पार्सल तर महिनाभर कुठे अडकलं होतं त्याचा पत्ता लागला नाही. त्यापेक्षा १/७२ मापाचे मऊ प्लास्टिकचे सैनिक परवडतात. झ्वेझ्दा, हॅट, इटालेरी या कंपन्या प्राचीन काळाचे संच काढतात, एका खोक्यात चाळीसच्या आसपास पायदळ मिळतं. हे सैनिक साधारण २३ मिलिमीटर उंच, त्यामुळे ६० मिलिमीटरच्या पट्ट्या आणि तीन फुटांचा बोर्ड लागतो. मऊ प्लास्टिकला साच्याचं तेलकट आवरण असतं. भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन, वाळवून, प्रायमर मारल्याशिवाय रंग लावलात तर भाल्याच्या दांड्यावरून तो सोलून निघतो.

आणि आता हवा. जूनपासून इथे कपडे वाळत नाहीत, तिथे वॉर्निश काय वाळणार. मॅट वॉर्निशचा स्प्रे दमट हवेत मारला की वर पांढुरकं धुकं धरतं आणि मेहनतीने रंगवलेला माणूस राख फासल्यासारखा दिसतो. पावसाळ्यात स्प्रेला हात लावायचा नाही, ब्रशने लावायचं वॉर्निश वापरायचं. रंग ओले ठेवायला ओल्या स्पंजाची पॅलेट वापरतात, तिच्यावर आपल्याकडे दोन दिवसांत बुरशी येते, रोज धुवावी. एमडीएफच्या पट्ट्या आषाढात फुगतात. मी नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानातून तीन मिलिमीटर जाडीचं अॅक्रिलिक कापून आणलं, ते जसंच्या तसं आहे. पट्टीखाली लोखंडी पत्रा आणि डब्यात चुंबक ही युक्ती बाहेरच्या लोकांची लाडकी, पण खाऱ्या हवेत तो पत्रा गंजून तांबडी पूड सोडतो. सैनिक घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावेत. जुन्या धातूच्या सैनिकांत शिसं असतं. नव्या लाकडाच्या किंवा प्लायवूडच्या बंद कपाटात, त्यातून दमट हवेत, अशा शिशावर पांढरी भुकटी धरते आणि ते पोखरत जातं. त्यांना हाताळल्यावर साबणाने हात धुवा, आणि घरात लहान मूल असेल तर ते घेऊच नका.

रणभूमीच्या सामानाला मात्र कोकणासारखी जागा नाही. काथ्याचं जुनं पायपुसणं कापलं की पिकलेलं शेत तयार. जांभ्याचे तुकडे म्हणजे जणू रंगवून दिलेल्या टेकड्या. पुळणीवरची वाळू पट्ट्यांवर फेव्हिकॉलने पसरता येते, पण आधी गोड्या पाण्यात तीनचारदा धुऊन उन्हात वाळवावी. मीठ राहिलं तर ती ओल ओढत राहते.

रंगकामाचा सर्वांत मोठा धडा मला आमच्या वाडीतल्या गणपतीच्या शाळेत मिळाला. तिथले भाऊ आषाढापासून मूर्तींच्या मागे असतात. त्यांना मी एक मॅसिडोनियन भालाईत दाखवला, चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. त्यांनी तो उजेडाकडे धरला, खालून वरून पाहिला आणि म्हणाले, "ह्येचे डोळे आधी काढ, मगे बाकीच्या तोंडाक रंग लाय. चुकला तर झाकूक गावता." मूर्तीच्या डोळ्यांची आखणी ते स्वतः शेवटी करतात, एवढ्या लहान चेहऱ्याला उलटा क्रम लागेल हे त्यांनी एका नजरेत ओळखलं. तेव्हापासून मी आधी पांढरी रेघ, तिच्यावर काळा ठिपका, आणि मग वरून-खालून कातडीच्या रंगाने डोळा बारीक करत आणते. बारीक ब्रशपेक्षा चांगल्या टोकाचा जरा जाड ब्रश बरा, हेही त्यांचंच. बारीक ब्रशावरचा रंग चेहऱ्यापर्यंत पोचेतो सुकतो.

आमचा आवडता डाव झेलमचा. इसवी सनापूर्वी ३२६, अलेक्झांडर विरुद्ध पोरस. ग्रीक इतिहासकार एरियन पोरसाच्या सैन्यात २०० हत्ती, ३०० रथ, ४,००० घोडेस्वार आणि ३०,००० पायदळ सांगतो. लढाई पावसाळ्यातली. अलेक्झांडरने वादळी रात्री वरच्या अंगाला नदी ओलांडली, त्याला अडवायला पोरसाच्या मुलाने नेलेले रथ चिखलात रुतले. भारतीय धनुष्य माणसाच्या उंचीचं, एक टोक जमिनीवर टेकवून पायाने दाबून ओढायचं. निसरड्या मातीत ते नीट टेकत नव्हतं. मृगाच्या पावसात पायवाट उतरलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. मे महिन्यात भाचा आला होता तेव्हा आम्ही पडवीत हा डाव मांडला. पोरस त्याने घेतला. माझ्या भारी घोडेस्वारांना हत्तींपुढे उभं करणं म्हणजे त्यांचा बळी देणं, कारण हरले की ते मरतातच. म्हणून मी त्यांना बगलेकडे वळवलं आणि हत्तींपुढे भालाफेके सोडले. भाचा म्हणाला, "मावशी, हे दोघं माझ्या हत्तीला काय करणार?" बळ पाहिलं तर त्याचं खरं होतं. पण नियम असा की भालाफेक्यांपुढे हत्ती हरला तर तो मागे हटत नाही, संपतो. दुसऱ्याच फाशाला त्याचा मधला हत्ती गेला. प्रत्यक्ष झेलमवरही हलक्या भालाफेक्यांनी माहूत टिपले आणि जखमी हत्ती आपल्याच माणसांवर उलटले. त्या रात्री भाच्याने एरियनचं ते प्रकरण मोबाइलवर शोधून वाचून काढलं. माझ्या दृष्टीने छंदाचे पैसे तिथेच वसूल झाले.

घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, मावळे कुठे आहेत? समोर सिंधुदुर्ग उभा असल्यावर हा प्रश्न येणारच. पण महाराजांचा काळ तोफा-बंदुकांचा, या नियमांच्या मर्यादेच्या पुढचा. त्याला वेगळे नियम लागतात आणि ते ओढूनताणून इथे बसवू नयेत. कोकणचं सैन्यच हवं असेल तर इथे पूर्वी राज्य करणारे शिलाहार आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या खारेपाटणला सापडलेला रट्टराजाचा ताम्रपट इसवी सन १००८चा आहे, म्हणजे दक्षिण कोकणची शिलाहार शाखा ही अगदी घरची. मी मात्र उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर निवडला, कारण त्याची लढाई माहीत आहे. १२६५च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवाने त्याचा पराभव केला आणि तो समुद्रात बुडाला, असं यादवांच्या बाजूचं लेखन सांगतं. पोशाखासाठी बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ पाहून आले. घोडेस्वार, धनुर्धारी आणि वल्ही मारत निघालेली उंच नाळेची गलबतं, सगळं दगडात आहे. हे वीरगळ नेमक्या याच लढाईचे म्हणता येणार नाहीत, पण कंबरेचं वस्त्र, केसांची गाठ, तलवारीची धरायची पद्धत यासाठी यापेक्षा जवळचा आधार नाही. तयार सैनिक मिळत नाहीत. मी प्राचीन भारतीय संचातल्या पायदळाची डोकी एम-सीलने बदलली.

या नियमांत किनारपट्टी हा एक भूप्रकार आहे आणि किनाऱ्याच्या सैन्याला काही तुकड्या राखून डावाच्या सुरुवातीला समुद्रातून उतरवता येतात. शिलाहारांना हेच एक हत्यार. यादव हत्ती आणि घोडदळ घेऊन बोर्डाच्या मधून येतात. उतरवलेल्या तुकड्या त्यांच्या पिछाडीला जातात खऱ्या, पण सेनापतीपासून लांब पडतात आणि प्रत्येक हालचालीला जादा हुकूम खातात. आतापर्यंत सोमेश्वर प्रत्येक डाव हरला आहे, बहुतेकदा उतरलेली माणसं पुळणीवरच खोळंबल्यामुळे. पुढच्या डावात सेनापतीच त्या बाजूला सरकवून खाजणाच्या आडोशाला ठेवायचा आहे. मधली फळी तोवर तग धरेल की नाही, ते भाचा दिवाळीला आला की कळेल.