प्रौढ शिक्षकांसाठीचे प्रशिक्षण साहित्य : आठ महिन्यांच्या वापरानंतर

प्रौढांच्या वाचन-लेखन वर्गांवर शिकवणारे आम्ही सहा शिक्षक गेले आठ महिने दोन प्रकारचे प्रशिक्षण साहित्य वापरत आहोत. एक आहे प्रमाणपत्र देणारा, चित्रफितींचा ऑनलाइन अभ्यासक्रम आणि दुसरी आहे अभ्यासगटासाठी तयार केलेली छापील हस्तपुस्तिका. निवड माझ्याकडे होती आणि अभ्यासक्रमाच्या बाबतीत ती चुकली.

अभ्यासक्रम देखणा आहे, निवेदन स्पष्ट आहे आणि सर्वांनी तो पाच आठवड्यांत पूर्ण केला. संपला त्या दिवशी आम्ही सहाही जणांनी त्याला उत्तम गुण दिले. दोन महिन्यांनी एकमेकांच्या वर्गात जाऊन बसलो, तेव्हा त्यातली एकही गोष्ट कोणाच्या शिकवण्यात दिसली नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे जे चार टप्पे मांडले, त्यांत प्रशिक्षणार्थींचे समाधान हा केवळ पहिला टप्पा आहे. प्रत्यक्ष वागणुकीतला बदल तिसऱ्या टप्प्यावर येतो. म्हणून शेवटच्या दिवशी लिहिलेल्या अभिप्रायांवरून साहित्य निवडणे मी आता थांबवले आहे.

त्याहून गंभीर आक्षेप मजकुराबद्दल आहे. माणसाला वाचलेले 10 टक्के आणि ऐकलेले 20 टक्के लक्षात राहते, असे त्यात एडगर डेल यांच्या अनुभव-शंकूचा (शिकण्याचे अनुभव प्रत्यक्ष कृतीपासून शब्दांपर्यंत क्रमाने दाखवणाऱ्या आकृतीचा) हवाला देऊन सांगितले आहे. डेल यांनी 1946 मध्ये मांडलेल्या शंकूत टक्केवारी नव्हतीच; ती नंतर इतरांनी चिकटवली. पाहून, ऐकून आणि करून शिकणारे अशी विद्यार्थ्यांची विभागणीही त्यात सुचवली आहे, आणि आम्ही ती दोन आठवडे अमलात आणली. माझ्या वर्गातील एक बाई ‘ऐकून शिकणाऱ्या’ गटात गेल्या आणि त्या काळात त्यांच्या हाती वाचायला जवळजवळ काहीच आले नाही. त्या तर वाचायला शिकण्यासाठीच येत होत्या. अशा विभागणीनुसार शिकवल्याने फायदा होतो, याला पुरेसा पुरावा नसल्याचे पॅश्लर आणि सहकाऱ्यांच्या 2008 मधील आढाव्यात नोंदवलेले आहे. हे मी आधी तपासायला हवे होते, याची खंत वाटते.

हस्तपुस्तिका दिसायला साधी आहे. प्रत्येक प्रकरणात थोडे वाचन, वर्गात करून पाहायचे एक काम आणि दोन आठवड्यांनी त्या कामाच्या नोंदी घेऊन भेटायचे, एवढीच तिची रचना आहे. एका प्रकरणात आपल्याच तासाचे वीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून, प्रश्न विचारल्यावर आपण किती वेळ थांबतो ते मोजायला सांगितले आहे. शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात आणि हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर उत्तरे अधिक लांब आणि विचारपूर्वक येतात, हे मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात शाळकरी मुलांच्या वर्गांत दाखवले होते. माझ्या मुद्रणात बहुतेक ठिकाणी एक सेकंदही भरला नाही. लहानपणी वर्गात चुकण्याची धास्ती बसलेल्या प्रौढ माणसाला शब्द जुळवायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मी उत्तर सांगून मोकळी होत होते. चौथ्या मुद्रणात, कित्येक आठवडे गप्प बसणाऱ्या एका गृहस्थांनी अडखळत का होईना, संपूर्ण वाक्य स्वतः वाचलेले ऐकू येते.

प्रौढ शिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांच्या मांडणीचा उल्लेख दोन्हींत आहे. मात्र प्रौढाच्या अनुभवापासून सुरुवात करण्याचे ते तत्त्व शिक्षकालाही लागू करते ती फक्त हस्तपुस्तिका. तिचे प्रत्येक प्रकरण ‘सध्या आपण हे कसे करता?’ या प्रश्नाने सुरू होते.

तिच्यात उणिवाही आहेत. अंकज्ञानाबद्दल तिच्यात काहीच नाही, उदाहरणे सगळी नवसाक्षरांची आहेत, आणि बैठकीसाठी दीड तास कामाच्या वेळेतून मिळाला नाही तर प्रकरण न वाचताच राहते. आमच्याकडे दोनदा तसे झाले. अंकज्ञानाचे साहित्य आता निवडायचे आहे. या वेळी आधी एकच प्रकरण मागवून दोन शिक्षकांनी ते महिनाभर वर्गात चालवून पाहायचे आणि मगच खरेदीचा विचार करायचा, असे आम्ही ठरवले आहे.