पेठेतलं घर की वाकडचा फ्लॅट? आधी पायी चालून बघा

पुण्यात घर बघताना चटईक्षेत्र, कर्ज, पार्किंग यावर तासन्‌तास बोलणं होतं. दारातून पायी कुठवर जाता येतं, हे क्वचितच कुणी विचारतं. घरात म्हातारं माणूस किंवा शाळकरी मूल असेल तर सगळ्यात आधी तेच बघावं, असं माझं ठाम मत आहे.

आई सदाशिव पेठेत होती तोवर रोज सकाळी पिशवी घेऊन मंडईत जायची. भाजी, फुलं, औषधं, वाटेत कुणाच्या तरी ओट्यावर दोन मिनिटं टेकणं, चार शब्द बोलणं. आम्ही तिला वाकडला आणलं. भाजीवाला इथेही फार तर चारशे मीटरवर आहे. पण मध्ये रुंद रस्ता, सिग्नल नाही, आणि फुटपाथ विजेच्या डीपीपाशी येऊन संपतो. दोन महिन्यांत तिचं बाहेर पडणंच थांबलं. भाजी आता ॲपवरून येते.

वाकडची बाजूही खरी आहे. त्याच पैशात मोठं घर, लिफ्ट, हक्काचं पार्किंग, आणि हिंजवडीतली नोकरी जवळ. पेठेतल्या जुन्या इमारतीत तिसरा मजला जिन्याने चढायचा, गाडी कुठे लावायची ही रोजची विवंचना. गणपतीत रस्ते बंद, रात्री उशिरापर्यंत ढोल. गुडघे दुखणाऱ्याला मंडई जवळ असून काय उपयोग, जर जिनाच उतरवत नसेल?

मधला पर्याय म्हणजे हडपसरची मगरपट्टा सिटी. शेतकऱ्यांनी सुमारे चारशे एकर जमीन एकत्र करून ती वसवली. ऑफिसं, शाळा, बाग सगळं चालत जाण्यासारखं. फाटकाबाहेर मात्र तीच वाहतूक.

महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं, जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद झाले. लक्ष्मी रस्त्यावर वाहनं बंद ठेवून पादचारी दिनही साजरा झाला. गाडी लावायला जागा नसली की गिऱ्हाईक फिरकत नाही, ही व्यापाऱ्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही. बस आणि मेट्रो भरवशाची नसेल तर ती खरीच ठरते.

म्हणून बुकिंगची रक्कम देण्याआधी संध्याकाळी सातला त्या भागात गाडी न नेता जा. टेप सोबत ठेवा: मोकळ्या फुटपाथची रुंदी निदान १.८ मीटर हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला घेऊन दूध आणायला निघा. रस्ता ओलांडताना त्यांनी तुमचा हात किती घट्ट धरला, ते बघा.

आम्ही सध्या पेठेत लिफ्ट असलेलं लहानसं घर भाड्याने शोधतोय.