पोटातली चरबी गालात : दहा महिन्यांचा अनुभव

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या अपघातात डाव्या गालाला मार लागला. जखम भरली, पण आतली चरबी गेली आणि व्रण हाडाला चिकटला. हसले की तिथं खड्डा पडायचा. फेब्रुवारीत छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यात पोटातली चरबी काढून त्यात भरून घेतली.

मला वाटलं होतं, चरबी ओढायला मोठं मशीन असेल. तसं काही नव्हतं. पोटात भुलीचं पाणी सोडून डॉक्टर थोडा वेळ थांबले, मग बेंबीजवळच्या बारीक छेदातून बोथट नळी घातली. तिला साधी 10 मिलीची सिरिंज, आणि दट्ट्या हातानंच जरासा ओढलेला. जोरात ओढलं तर पेशी फुटतात. मग सिरिंजा 3 मिनिटं यंत्रात फिरवल्या. वर तेल आलं, खाली रक्त-पाणी बसलं. मधली पिवळी चरबी तेवढी घेतली. गालात आधी सुईनं व्रण सोडवला आणि नळी मागं घेत घेत ज्वारीच्या दाण्याहून लहान थेंब सोडत गेले. सगळ्यात जास्त वेळ ह्यातच गेला, आणि जायलाच हवा. या चरबीला स्वतःची रक्तवाहिनी नसते. आजूबाजूच्या मांसातून नवी वाहिनी येईपर्यंत तिला तग धरायचा असतो. गोळा करून भरली तर मधली मरते. 1893 साली जर्मनीत नॉयबर नावाच्या सर्जननी दंडातली चरबी चेहऱ्यात बसवली, तेव्हाही मोठे तुकडे टिकत नाहीत हे त्यांना दिसलं होतं.

गालापेक्षा पोटच जास्त दुखलं. मार्चच्या उन्हात चोवीस तास पट्टा बांधून शाळेत शिकवणं फार जड गेलं. गाल पाहून आत्या म्हणाली, "बाई, लईच सुजला की गं!" सूज उतरली तेव्हा मला गाल अगदी जमल्यासारखा वाटला. चौथ्या महिन्यापर्यंत त्यातला निम्मा भराव गेला. मी फार रडले. काही भाग शरीर शोषून घेतं, दुसऱ्यांदा भरावं लागू शकतं, हे मला कोणीच नीट सांगितलं नव्हतं. संमतीच्या इंग्रजी कागदावर त्याची एक ओळ होती म्हणे. याचा राग अजून आहे.

सहाव्या महिन्यानंतर मात्र गाल तसाच आहे. दर महिन्याला त्याच खिडकीत फोटो काढते, म्हणून खात्रीनं सांगते. मधे टायफॉइडनं पाच किलो वजन उतरलं तेव्हा गालही उतरला, आणि वजनाबरोबर परत भरला. सगळ्यात मोठा फायदा मला अपेक्षितच नव्हता: व्रणाची कातडी मऊ झाली, चिमटीत येते, हसताना ओढत नाही.

जानेवारीत दुसऱ्यांदा भरायचं ठरलंय. या वेळी संमतीचा कागद मराठीत हवा म्हणून आधीच सांगून ठेवलंय.